सीटी स्कॅनचा रिपोर्ट: ठिपके, डाग आणि ‘आकसलेला’ मेंदू

मागच्या महिन्यात एक बाई रिपोर्टचं पाकीट घेऊन थेट आमच्या अंधाऱ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची आई, वय ७४, बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलेली. कपाळाला लिंबाएवढं टेंगूळ. डोक्याचा सीटी स्कॅन सकाळीच झाला होता आणि तपासणाऱ्या डॉक्टरांची वेळ संध्याकाळची होती. मधल्या वेळात लेकीने रिपोर्टचा फोटो मोबाइलमधल्या एआयला वाचायला दिला, भावंडांच्या ग्रुपवर टाकला, आणि मामांचा ‘दुसरीकडे दाखवा’ असा फोनही येऊन गेला. मला त्यांनी एकच विचारलं, “डॉक्टर, आईचा मेंदू सुकलाय का हो?”

एका अर्थी तसं लिहिलेलं होतंच. ‘एज रिलेटेड सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी.’ आणि ते मीच लिहिलं होतं. सत्तरीपुढच्या जवळपास प्रत्येक डोक्याच्या रिपोर्टमध्ये मी ही ओळ लिहितो, त्यामुळे तिने कुणाची झोप उडेल हे लिहिताना डोक्यातही येत नाही. आम्ही रेडिओलॉजिस्ट रिपोर्ट लिहितो तो तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी, त्यांच्या-आमच्या बोलीत. हातात मात्र तो आधी तुमच्या पडतो. तेव्हा त्या बोलीतले नेहमीचे शब्द इथे उलगडून सांगतो.

चकत्या आणि करडा रंग

अळूवडीचा वाफवलेला उंडा बाहेरून नुसता हिरवा दिसतो. चकत्या पाडल्या की आतली वळणं, बेसनाचा थर, कुठे भरण कमी पडलंय, सगळं कळतं. साधा एक्स-रे म्हणजे न कापलेल्या उंड्याची सावली; पुढचं-मागचं सगळं एकावर एक. सीटी म्हणजे चकत्या, फक्त सुरीशिवाय. एक्स-रेची नळी तुमच्याभोवती गोल फिरते, पलीकडे किती किरणं पोहोचली ते मोजलं जातं, आणि शेकडो कोनांतून घेतलेल्या मोजमापांवरून संगणक हिशेब करतो की आतल्या कुठल्या बिंदूने किती किरणं अडवली.

हे यंत्र बनवणारे गॉडफ्री हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते, ईएमआय या कंपनीत इंजिनिअर होते. होय, तीच गाण्यांच्या तबकड्या काढणारी कंपनी. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा स्कॅन झाला आणि १९७९मध्ये हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं. रिपोर्टमध्ये आकड्यापुढे ‘एचयू’ दिसतं ते हाउन्सफील्ड यांच्याच नावाचं एकक. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास, मेंदू ३० ते ४०, ताजं गोठलेलं रक्त ६० ते ८०, आणि हाड कित्येक शेकडे.

आकडा जितका मोठा तितका रंग पांढरा. शेजारच्या भागापेक्षा काळपट दिसलं की आम्ही लिहितो ‘हायपोडेन्स’, पांढरट दिसलं की ‘हायपरडेन्स’. हे दोन्ही शब्द रंगाचे आहेत, रोगाचे नाहीत. आणि ‘लिजन’ म्हणजे शेजारपाजारपेक्षा वेगळी दिसणारी जागा, एवढंच. ती साधी पाण्याची पिशवी असू शकते, जुना व्रण असू शकतो, कॅन्सरही असू शकतो. लोक मात्र लिजन वाचलं की तिसरा अर्थ आधी लावतात.

डोक्यात आधी रक्त शोधायचं

पडलेल्या किंवा अर्धांगवायूचा संशय असलेल्या माणसाचा स्कॅन पडद्यावर आला की आमची नजर सगळ्यात आधी पांढऱ्या रंगावर जाते. ताजं रक्त करड्या मेंदूवर पांढरं उठून दिसतं.

कवटी आणि मेंदूच्या मध्ये रक्त साचलं तर त्याचा आकारच बरंच काही सांगतो. कपाळावरच्या चंद्रकोरीसारखा, मेंदूला कडेने लपेटून बसलेला पट्टा म्हणजे ‘सबड्युरल’. मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता, मसुराच्या दाण्यासारखा, तो ‘एक्स्ट्राड्युरल’. हा मसूर बहुतेकदा कवटीच्या हाडाला तडा गेल्यावर, फाटलेल्या रोहिणीतून भरतो आणि तासाभरात मोठा होऊ शकतो. सुरुवातीला माणूस शुद्धीवर, बोलता असतो, म्हणून घरचे गाफील राहतात.

चंद्रकोरीची गंमत (गंमत म्हणणं बरं नव्हे, पण आम्ही आपसात म्हणतो) अशी की तिचा रंग वयाप्रमाणे बदलतो. पहिले काही दिवस पांढरी. मग एक ते तीन आठवड्यांच्या काळात ती मेंदूच्याच रंगाची होते आणि नवख्या डोळ्यांना सापडतही नाही. त्यानंतर काळपट. आजोबा गणपतीत घसरले, तेव्हा काहीच वाटलं नाही, आणि दसऱ्याला त्यांचा पाय ओढायला लागला, बोलण्यात गोंधळ झाला, अशी कहाणी ऐकली की स्कॅनमध्ये काळी कोर बघायची तयारी ठेवूनच मी बसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. म्हणून पडल्या दिवशीचा स्कॅन नॉर्मल आला तरी पुढचे काही आठवडे म्हाताऱ्या माणसावर लक्ष ठेवा.

रक्ताच्या जोडीला ‘मिडलाइन शिफ्ट’ लिहिलं असेल, म्हणजे दाबामुळे मेंदूची मधली रेषा एका बाजूला सरकली असेल, किंवा ‘मास इफेक्ट’ असेल, म्हणजे शेजारचा मेंदू दाबला जात असेल, तर संध्याकाळच्या वेळेची वाट बघायची नाही. अशा वेळी आम्ही रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघत नाही, आधी डॉक्टरांना फोन लावतो.

मग अर्धांगवायूत स्कॅन नॉर्मल कसा आला?

हा प्रश्न चिडून विचारला जातो, आणि चिडणं मी समजू शकतो. डावा हात लुळा पडलाय, तोंड वाकडं झालंय आणि रिपोर्ट म्हणतो ‘नो सिग्निफिकंट अ‍ॅब्नॉर्मॅलिटी’.

अर्धांगवायू दोन प्रकारे होतो. मेंदूतली रक्तवाहिनी फुटते किंवा तिच्यात गुठळी अडकते. फुटली तर रक्त लगेच दिसतं. अडकली तर त्यापुढचा मेंदू उपाशी पडतो, पण त्याचा रंग बदलायला कित्येक तास लागतात. कुंडीला पाणी घालायचं विसरलात तर पानं संध्याकाळपर्यंत हिरवीच दिसतात, माना टाकतात नंतर. तसंच हे. मग इतक्या घाईने स्कॅन का? कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि आत रक्तस्राव असताना ते दिलं तर जीवावर बेतू शकतं. पहिल्या तासातला स्कॅन ‘रक्तस्राव नाही’ एवढं सांगतो, आणि त्या घडीला डॉक्टरांना तेच हवं असतं. तिथे ‘नॉर्मल’ ही इंजेक्शनला मिळालेली परवानगी असते.

‘आकसलेला’ मेंदू आणि बारीक वाहिन्या

आता त्या बाईंचा प्रश्न. ताज्या अक्रोडाचा गर कवटीला चिकटून असतो. वर्षभर डब्यात राहिला की गर किंचित आत सरतो, फोडायच्या आधी हलवला तर खुळखुळतो. वयाप्रमाणे मेंदूचंही थोडं तसंच होतं. वळ्यांमधल्या खाचा रुंदावतात, आतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या दिसतात. केस पिकतात तसंच हे. मात्र केस पाहून कुणी आजीच्या स्मरणशक्तीबद्दल बोलत नाही, तसं या ओळीवरूनही बोलू नये. स्मृतिभ्रंशाचं निदान माणसाशी बोलून, त्याला प्रश्न विचारून होतं. पन्नाशीतल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये हीच ओळ असेल, किंवा आकसणं मेंदूच्या एकाच भागात असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून तर आम्ही ‘एज रिलेटेड’ हे दोन शब्द आधी जोडतो.

याच्या मागोमाग येणारी दुसरी ओळ मात्र वाचून सोडून देऊ नका: ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’. केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं अरुंद होत गेल्याने मेंदूच्या आतल्या भागात आलेला काळपटपणा. उतारवयात थोडा असतोच, पण रक्तदाब आणि साखर ताब्यात नसली की वाढतो. तिसरी ओळ ‘ओल्ड लॅक्युनर इन्फार्क्ट’, म्हणजे दीड सेंटिमीटरपेक्षा लहान, जुना, बरेचदा कळलाही नसलेला अर्धांगवायूचा झटका. लोक ‘अ‍ॅट्रॉफी’ला घाबरतात आणि ‘लॅक्युनर’वरून नजर फिरवून पुढे जातात. मी त्यांच्या जागी असतो तर उलट केलं असतं. बीपीची गोळी परस्पर बंद करणाऱ्यांनी तर नक्कीच.

‘मॅक्सिलरी सायनसमध्ये म्युकोजल थिकनिंग’ म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीचं अस्तर सुजलंय. सर्दीवाल्या निम्म्या महाराष्ट्राला असेल. पुढे चला.

पांढरे ठिपके

बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात गीझरची कॉइल काढून बघा, पांढरा थर चढलेला असतो. शरीरातही जुन्या, निवांत जागी कॅल्शियम बसतं. त्याला ‘कॅल्सिफिकेशन’ म्हणतात. हृदयाच्या आणि पोटातल्या रोहिण्यांच्या भिंतीत ते दिसलं तर कोलेस्टेरॉल, बीपी, तंबाखू यांचा हिशेब काढावा लागतो. पण मेंदूच्या मध्यावरच्या पिनियल नावाच्या चिमुकल्या ग्रंथीत ते इतकं सर्रास असतं की सीटी येण्याआधीच्या काळात डॉक्टर साध्या एक्स-रेवर तो ठिपका मधून सरकलाय का हे बघून आतल्या गाठीचा अंदाज बांधत.

आपल्या देशात डोक्यातल्या पांढऱ्या ठिपक्याचं आणखी एक नेहमीचं कारण आहे: ‘न्यूरोसिस्टिसरकोसिस’. ही टेपवर्मची बाळं. “आम्ही शाकाहारी आहोत हो डॉक्टर!” हे वाक्य इथे हमखास येतं. हा कृमी डुकराच्या मांसातून आतड्यात जातो हे खरं, पण मेंदूत पोहोचते ती त्याच्या अंड्यातून निघालेली अळी, आणि त्यासाठी अंडी पोटात जावी लागतात. ती अशा माणसाच्या विष्ठेतून सांडपाण्यात आणि तिथून न धुतलेल्या कोथिंबिरीवर, कोबीवर, पाणीपुरीच्या पाण्यात येतात. मेंदूत गेलेली अळी मरते, वाळते आणि शेवटी मोहरीएवढा पांढरा ठिपका राहतो. कित्येकांत तो जन्मभर गप्प बसतो. पण फिट येऊन गेली असेल तर तोच ठिपका महत्त्वाचा ठरतो. औषध शिरेतून दिल्यावर ठिपक्याभोवती अंगठीसारखं कडं उजळलं, म्हणजे रिपोर्टच्या भाषेत ‘रिंग एन्हान्सिंग’ असेल, तर कृमी की टीबीची गाठ हे ठरवायला पुढच्या तपासण्या लागतात.

हे शिरेतलं औषध म्हणजे आयोडीन असलेला ‘कॉन्ट्रास्ट’. ते देण्याआधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात तो मूत्रपिंडांसाठी. आधी कधी त्याची अ‍ॅलर्जी झाली असेल तर टेक्निशियनला दारातच सांगा.

छाती

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या लाटेत, लोक एकमेकांना ‘कसे आहात’ऐवजी ‘स्कोअर किती’ विचारत होते. फुप्फुसांचे पाच भाग, प्रत्येकाला ५ पैकी गुण, एकूण २५. त्या काळाने लोकांना ‘ग्राउंड ग्लास’ हा शब्द शिकवला: बाथरूमच्या खिडकीच्या काचेसारखा धुरकटपणा, ज्यातून मागच्या रक्तवाहिन्या अजून दिसतात. अर्धा धडा मात्र राहून गेला. स्कोअर फुप्फुसाचा किती भाग धुरकटलाय ते सांगायचा; माणूस कसा आहे ते बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर दिसायचं. १८ स्कोअरवाले चालत घरी गेलेले मी पाहिले आहेत. आणि धुरकटपणा एकट्या कोविडचा नसतो. इतर जंतुसंसर्ग, फुप्फुसात साचलेलं पाणी, काही औषधं, यांनीही तो येतो.

बाकी छातीच्या रिपोर्टमधले ‘फायब्रोटिक बँड्स’, ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’ हे शब्द आपल्याकडे बहुतेकदा जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचे. दंडावर बीसीजीचा व्रण असतो तसा हा आतला व्रण. कधी टीबी झाल्याचं आठवतही नाही अशा लोकांतही तो सापडतो.

‘नोड्यूल’ म्हणजे बारीक गोळा. इथे मापाला महत्त्व आहे, म्हणून स्वयंपाकघरातली मापं लक्षात ठेवा: मोहरी २ मिलिमीटर, तुरीचा दाणा ५-६, हरभरा ८-१०. पस्तिशीपुढचा माणूस, तंबाखू नाही, आधी कॅन्सर नाही, आणि एकच घट्ट नोड्यूल ६ मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर २०१७च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पुन्हा स्कॅन करायचीही गरज नसते. ६ ते ८च्या दरम्यान असेल तर ६ ते १२ महिन्यांनी बघतात. ओढणाऱ्यांना नियम कडक.

पोटात सगळ्यांनाच काहीतरी असतं

पोटाचा स्कॅन आम्ही मुतखड्यासाठी करतो आणि सापडतं भलतंच. ‘सिम्पल रीनल कॉर्टिकल सिस्ट’, मूत्रपिंडावरची पाण्याची पिशवी, पन्नाशीपुढे अगदी नेहमीची. आत नुसतं पाणी आहे कशावरून? आकड्यावरून. शून्याच्या आसपासचं एचयू आणि पातळ भिंत असली की विषय संपला. भिंत जाड, आत पडदे, औषध दिल्यावर उजळणारा भाग, असं असेल तर तिला ‘बॉस्नियाक’चा वर्ग देतात, १ आणि २ला विसरा, ३ आणि ४ घेऊन युरॉलॉजिस्टकडे जा. लिव्हरमधला ‘हिमँजिओमा’ म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता, लिव्हरच्या निरुपद्रवी गाठींत सगळ्यात जास्त आढळणारा. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत छोटी गाठ दिसली आणि तिचा एचयूचा आकडा १०च्या खाली असला तर ती चरबी भरलेली, सहसा साधी. तरी हार्मोनची रक्ततपासणी एकदा करतात.

‘फॅटी लिव्हर’ मात्र हसण्यावारी नेऊ नका. एरवी लिव्हर प्लीहेपेक्षा किंचित पांढरं दिसतं. चरबी भरली की काळं पडतं. दारूचा थेंब न घेणाऱ्या, पोट सुटलेल्या, साखर काठावर असलेल्या माणसांत मी हे रोज बघतो. गोळी विचारत येतात. पहिला उपाय वजन उतरवणं.

खड्यांचं उलटसुलट आहे. मुतखडा सीटीत जवळपास हमखास दिसतो, आणि ५ मिलिमीटरपर्यंतचा बहुधा स्वतःच्या पायाने बाहेर पडतो. पित्ताशयातले बरेच खडे सीटीत दिसतच नाहीत, त्यांना सोनोग्राफीच बरी. तेव्हा ‘महागडी तपासणी केली आणि खडा दिसलाच नाही’ अशी तक्रार करण्याआधी खडा कुठला ते बघा.

पोटाच्या रिपोर्टमध्ये ‘फ्री एअर’ हे दोन छोटे शब्द असतील तर आतडं किंवा जठर कुठेतरी फुटून हवा बाहेर आली आहे. त्याला ऑपरेशन थिएटर लागतं, दुसरं मत नाही.

काही नसतं तर लिहिता कशाला?

मला विचाराल तर निम्म्या ओळी गाळता येतील. पण दिसलं आणि लिहिलं नाही, तर तीन वर्षांनी दुसऱ्या स्कॅनमध्ये तोच ठिपका ‘नवीन’ ठरतो आणि बायोप्सीपर्यंत जातो. शिवाय आज मोहरीएवढं असलेलं काही उद्या हरभऱ्याएवढं झालं, तर आजचं माप कामाला येतं. कोर्टाची भीती? तीही असते, नाकारत नाही.

‘प्लीज कोरिलेट क्लिनिकली’ ही शेवटची ओळ लोकांना हात झटकल्यासारखी वाटते. कधीकधी ती तशी वापरलीही जाते. पण तिचा खरा अर्थ असा की मी चित्र पाहिलंय, माणूस पाहिलेला नाही. कमरेचा मणका झिजलेला दिसतोय, पण दुखणं त्याचंच आहे का हे हात लावून बघणाऱ्याने ठरवायचं. चाळिशीपुढच्या कित्येकांचे मणके झिजलेले असतात आणि ते मजेत गड चढत असतात.

आणि रेडिएशन?

मे २०२१मध्ये एम्सच्या तेव्हाच्या संचालकांनी एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे असं सांगितलं आणि रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्यावर आक्षेप घेतला. वाद भागाकाराचा होता. छातीचा एक एक्स-रे ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशन मोजायचं एकक), नेहमीच्या पद्धतीने केलेला छातीचा सीटी ५ ते ७, आणि कमी मात्रेचा केला तर १ ते २. कुठला आकडा कुठल्याने भागता त्यावर उत्तर २० येईल किंवा ३००. डोक्याला साधारण २, पोटाला ८ ते १०. तुलनेला सांगतो, मातीतून, हवेतून, आकाशातून जगातल्या सरासरी माणसाला दर वर्षी २.४ मिळतं. डोक्यात रक्त आहे का हे कळण्यासाठी २ मिलिसिव्हर्ट स्वस्त आहेत. ‘एकदा सगळं शरीर बघून टाकू’ म्हणून पॅकेज घेणाऱ्या धडधाकट माणसाला मात्र मी परत पाठवतो. वर सांगितलेले निरुपद्रवी ठिपके सापडणं आणि सहा महिने झोप उडणं, एवढंच त्यातून हाती लागतं. लहान मुलांच्या बाबतीत जास्त जपायचं, आणि गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर आधी सांगायचं.

जुनी फिल्म

त्या बाईंना मी विचारलं, आधी कधी डोक्याचा स्कॅन झालाय का? झाला होता, नऊ वर्षांपूर्वी, रिक्षा कलंडली तेव्हा. धाकटा भाऊ दुपारी घरून घेऊन आला. कपाटावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कडा चिकटलेली फिल्म. लाइटबॉक्सवर लावली. आजच्या रिपोर्टमध्ये मी ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा, ४ मिलिमीटर’ म्हणून लिहिलेला डावीकडचा ठिपका तिथेही होता, तेवढाच, त्याच जागी. मामांना तसा फोन गेला.

आजी तोवर बाकावर बसून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, “ते समजलं. पण मला चक्कर का आली, ते यात कुठे लिहिलंय?”

ते त्यात नव्हतं. खालच्या मजल्यावर फिजिशियननी त्यांचं बीपी आधी झोपवून मोजलं, मग उभं करून. उभं राहिल्यावर वरचा आकडा ३०ने खाली आला. रात्रीची एक गोळी बदलून दिली.